तंबुळी फाटू नये, उग्र होऊ नये : मलनाडच्या थंड कालवणाची टप्प्याटप्प्याने कृती

तंबुळी करून पाहिली पण जमली नाही, असे सांगणाऱ्यांच्या तक्रारी ठरावीक असतात. ताक फाटून वर पाणी आणि खाली चोथा झाला, पानांचा उग्र वास घशाशी आला, किंवा रंगरूप ठीक असूनही चव अगदी पांचट लागली. साहित्य बहुतेकांचे बरोबर असते. चुकतो तो क्रम. कर्नाटकातील उत्तर कन्नड, शिवमोग्गा, उडुपी व दक्षिण कन्नड या जिल्ह्यांत आणि केरळच्या कासरगोड भागात, विशेषतः हव्यक ब्राह्मणांच्या घरांत, उन्हाळ्यात वरचेवर होणारे हे ताकातले थंड, पातळ कालवण आहे. पाने किंवा मसाल्याचे जिन्नस थोड्या तुपावर परततात, ओल्या खोबऱ्याबरोबर बारीक वाटतात, ते वाटण ताकात कालवतात आणि भातावर घेतात किंवा वाटीने पितात. ताक पडल्यानंतर तंबुळी विस्तवावर चढत नाही. म्हणून आगीचे जे काही काम आहे, ते सगळे ताकाला हात लावण्यापूर्वी संपलेले आणि निवलेले असले पाहिजे. खाली दिलेला प्रत्येक टप्पा या एका नियमाला धरून आहे.

## सुरुवातीलाच बाजूला ठेवायच्या दोन सवयी

मराठी स्वयंपाकघरात ताकाचे पातळ कालवण म्हटले की हात आपोआप कढीकडे वळतो. कढीत बेसन असते आणि उकळताना तेच ताकाला फाटण्यापासून सांभाळते. तंबुळीत बेसन नसते, तांदळाचे पीठ नसते, दाटपणा आणणारे दुसरे काही नसते. त्यामुळे ‘जरा कोमट करून घेऊ’ म्हणून पातेले गॅसवर ठेवले, की ताकातली प्रथिने आकसून पाणी सोडतात आणि मग कितीही घुसळले तरी ती पुन्हा एकजीव होत नाहीत. त्याच प्रदेशात ताकाचे शिजवलेले कालवणही करतात, त्याला मज्जिगे हुळी म्हणतात. त्यात भाजी असते, वाटण जास्त दाट असते आणि ते उकळी येईपर्यंत गरम करतात. तंबुळीची कृती शोधताना अनेकांच्या हाती मज्जिगे हुळीची कृती लागते आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

दुसरी सवय सोलकढीची. कोकण आणि गोव्यातल्या वाचकांना थंड, पातळ, भातावर घ्यायचे कालवण म्हणजे नारळाचे दूध हे समीकरण पाठ असते, त्यामुळे तंबुळीतही ते मुठीमुठीने खोबरे घालतात. सोलकढीत नारळाचे दूध हा पाया आहे आणि आंबटपणा कोकमाचा आहे. तंबुळीत पाया ताकाचा आहे. खोबरे फक्त पानाचा तिखट-कडवट कोना गोलसर करण्यापुरते. खोबरे जास्त झाले की पानाची चव बुडते आणि थंड केल्यावर वर स्निग्धांशाचा पांढरा थर धरतो.

## टप्पा १ : पान निवडणे आणि ओळखणे

पहिल्यांदा करणाऱ्याने पानओव्याची तंबुळी करावी. कन्नडमध्ये याला दोड्डपत्रे म्हणतात. आपल्याकडे ज्या घरात ओव्याच्या पानांची भजी होतात, त्या घरात कुंडीत हे झाड असतेच. पान जाड, लुसलुशीत, बारीक लव असलेले, कडेने गोलसर दातेरी असते आणि चुरडले की ओव्याचा दरवळ येतो. तळहाताएवढी जून पाने घेऊ नयेत. ती वाटल्यावरही चरचरीत लागतात. वरून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्यावरची, दोन बोटे रुंद असलेली पाने उत्तम.

दुसरे प्रसिद्ध पान म्हणजे ओंदेलग. कोकणात ही वनस्पती कारिवणा म्हणून ओळखतात, बाजारात आणि रोपवाटिकेत मात्र ती ‘ब्राह्मी’ म्हणून विकली जाते. अडचण अशी की ब्राह्मी या नावाने दुसरीही एक वनस्पती विकली जाते, तिला नीरब्राह्मी म्हणतात. तंबुळीला लागते ती गोल, मूत्रपिंडाच्या आकाराच्या, कडेला बारीक दाते असलेल्या पानाची, जमिनीलगत सरपटणाऱ्या खोडातून लांब देठावर उभी राहणारी वेल. नीरब्राह्मीची पाने लहान, जाडसर, लांबट आणि समोरासमोर जोडीने येणारी असतात, आणि ती बरीच जास्त कडू असतात. या एका चुकीने अख्खे पातेले वाया जाते, म्हणून नावावर न जाता पानाचा आकार पाहूनच घ्यावे.

सावधान : कारिवणा ओलसर जागी, पाटाच्या आणि गटाराच्या कडेलाही फोफावतो. कुठे उगवला आहे हे ठाऊक नसेल, तर घेऊ नये. घरच्या कुंडीतला असला तरी मुळांजवळची माती जाईपर्यंत तीन-चार पाण्यांतून धुवावा.

मलनाडमध्ये, म्हणजे कर्नाटकातील सह्याद्रीच्या डोंगराळ पट्ट्यात, परसातल्या आणि रानातल्या अनेक झाडांच्या कोवळ्या पालवीची तंबुळी करतात. ज्यांनी ही झाडे लहानपणापासून पाहिली आहेत, त्यांचे ते ज्ञान आहे. छायाचित्र पाहून पालवी खुडण्याचा मोह आपण टाळावा. ओळखीच्या पानांतही भरपूर वाव आहे.

पाने धुतल्यावर फडक्यावर पसरून पूर्ण कोरडी करावीत. ओली पाने तुपात टाकली की परतली न जाता वाफवली जातात आणि उग्र वास आतच राहतो. या कोरडे करण्याला अर्धा तास द्यावा लागतो, म्हणून पाने आधी धुवून ठेवून मग बाकीच्या तयारीला लागणे सोयीचे.

## टप्पा २ : दही योग्य वेळी धरणे

तंबुळीत दही शिजत नसल्यामुळे त्याचा कोणताही दोष झाकला जात नाही. दही नुकते लागलेले, गोडसर आणि किंचित आंबट हवे. उन्हाळ्यात विरजण पाच-सहा तासांत लागते. दुपारच्या जेवणाला तंबुळी करायची असेल, तर रात्री झोपताना लावलेले दही सकाळी उठल्याबरोबर फ्रिजमध्ये ठेवावे. ओट्यावर राहिले तर जेवणाच्या वेळेपर्यंत ते चांगलेच आंबट होते.

आंबट दह्यात जास्त पाणी घालून वेळ मारून नेता येत नाही. आंबटपणा थोडा उतरतो, पण तंबुळी पाणचट होते आणि पानाची चव त्या दोन्हींत हरवते. असे दही सरळ कढीला वापरावे आणि तंबुळीसाठी दुसरे घ्यावे.

घरच्या जुन्या पद्धतीत लोणी काढून घेतलेले ताक वापरतात. ते पातळ आणि हलके असते. बाजारचे घट्ट दही वापरायचे असेल तर हरकत नाही, पण त्यातली साय बाजूला काढावी. मसाला ताक किंवा आधीच मीठ घातलेले ताक मात्र अजिबात चालत नाही.

तपासणी : चमचाभर दही तसेच, साखर-मीठ न घालता खाऊन पाहावे. ते तसेच वाटीभर खावेसे वाटले तर ते तंबुळीचे दही. दात आंबले तर नव्हे.

## टप्पा ३ : सगळे मोजून समोर ठेवणे

चार जणांच्या भातासाठी पुढील प्रमाण पुरते. वाटी १५० मिलीलीटरची आणि चमचा ५ मिलीलीटरचा धरला आहे.

- पानओव्याची मध्यम पाने : १२ ते १५
- जिरे : १ चमचा
- काळी मिरी : ८ ते १० दाणे (किंवा १ हिरवी मिरची)
- ताजे खोवलेले ओले खोबरे : अर्धी वाटी, दाबून न भरलेले
- दही : दीड वाटी
- पाणी : एकूण दोन वाट्या
- मीठ : पाऊण चमच्यापासून सुरुवात
- परतण्यासाठी तूप : अर्धा चमचा
- फोडणीसाठी : १ चमचा तूप, अर्धा चमचा मोहरी, १ ब्याडगी मिरची, कढीपत्त्याची ६-७ पाने

खोबऱ्याबाबत एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. नारळ खोवताना करवंटीलगतची तांबूस पाठ येऊ देऊ नये. ती वाटणात आली की हिरवट-पांढरा रंग मळकट होतो आणि शेवटी जिभेवर तुरट चव रेंगाळते. फ्रिजमधले खोबरे वापरणार असाल, तर ते अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावे, कारण थंडगार खोबऱ्यातले तेल थिजलेले असते आणि वाटण कणीदार राहते. सुके खोबरे किंवा डब्यातला खोबऱ्याचा कीस यांनी हे काम होत नाही; भिजवूनही त्यांना ओल्या खोबऱ्याची गोडी येत नाही. ओला नारळ मिळत नसेल, तर खोबरे वगळून फक्त जिरे-मिरी आणि पान वाटून ताकात घालणे मला जास्त पटते.

पाणी साध्या तापमानाचे असावे. माठातले चालेल, बर्फाचे नको. ते का, हे पाचव्या टप्प्यात येईल.

## टप्पा ४ : परतणे आणि पूर्ण निववणे

लहान कढईत अर्धा चमचा तूप मंद आचेवर गरम करावे. प्रथम जिरे आणि मिरी घालावी. जिरे फुलून त्याचा रंग एक छटा गडद झाला की पाने घालावीत. पाने आधी आणि जिरे नंतर असा क्रम ठेवला, तर पानांतून सुटलेल्या पाण्यात जिरे भिजते, तडतडत नाही आणि कच्चे राहते.

पान कढईत पडले की पहिल्या काही क्षणांत ते उलट आणखी हिरवेगार दिसते. इथेच बहुतेक जण गॅस बंद करतात आणि पुढच्या उग्र वासाचे कारण हेच असते. पानओव्याचे पान पाण्याने भरलेले असते. त्या पाण्याचा चुरचुर आवाज ऐकू येत राहतो. हलक्या हाताने परतत राहावे. हळूहळू कडा आत वळतात, पानाची जाडी बसते, झळझळीत हिरवा रंग जाऊन त्या जागी शेवाळी छटा येते आणि चुरचुर थांबते. मंद आचेवर याला दोन ते तीन मिनिटे लागतात. नाकाला भिडणारा ओव्याचा झणका या वेळेपर्यंत मऊ झालेला असतो.

तपासणी : एक पान काढून, जरा निवले की दोन बोटांत दाबावे. ते काडकन मोडले तर कच्चे आहे, लगदा झाला तर तयार आहे. कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या असतील, तर मात्र जास्त झाले. ती पाने काढून टाकून नवी परतावीत.

आता कढईतले सगळे लगेच पसरट ताटलीत काढावे. कढईत ठेवले तर तिच्या उष्णतेने जिरे करपते. ताटलीत एका थरात पसरलेले जिन्नस पंधरा मिनिटांत पूर्ण निवतात. तळहाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहावा. ऊब जाणवता कामा नये. गरम पाने मिक्सरमध्ये घातली तर वाफेने झाकण उडू शकते, खोबऱ्याचे तेल सुटते आणि ते कोमट वाटण पुढे ताकाला बिघडवते. घाईच्या घरात हीच पंधरा मिनिटे वाचवली जातात आणि तंबुळी फाटण्याचे सर्वांत मोठे कारण हेच ठरते.

## टप्पा ५ : वाटण

मिक्सरच्या लहान भांड्यात वाटण तीन वेळा मिळून करावे.

१. ताटलीतले जिरे आणि मिरी वेचून आधी कोरडेच फिरवावे. पाण्यात मिरीचे दाणे पात्याला लागत नाहीत, गरगरत राहतात आणि मग तंबुळीत अख्खे सापडतात.

२. त्यात खोबरे आणि पाव वाटी पाणी घालून थांबत-थांबत फिरवावे. सलग दोन-तीन मिनिटे मिक्सर चालवला तर भांडे तापते आणि खोबऱ्याचे तेल वेगळे होऊ लागते. दर वीस-पंचवीस सेकंदांनी थांबून, कडांना लागलेले वाटण खाली ओढून पुन्हा फिरवावे.

३. शेवटी परतलेली पाने आणि आणखी पाव वाटी पाणी घालून गंधासारखे गुळगुळीत होईपर्यंत वाटावे.

बर्फाचे पाणी घालण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, कारण त्याने मिक्सर तापत नाही असे वाटते. खोबरेल तेल साधारण २४ अंश सेल्सियसच्या खाली गोठते. थंडगार पाण्यात खोबऱ्याचा स्निग्धांश दाण्यांसारखा गोळा होतो, वाटण कितीही फिरवले तरी रवाळ राहते आणि तंबुळीवर पांढरे ठिपके तरंगतात. गरम पाण्याने तेल सुटते, गार पाण्याने गोठते. म्हणून साधे पाणी.

पाटा-वरवंटा किंवा रगडा असेल, तर त्यावर वाटावे. दगडावर पान कापले न जाता चिरडले जाते, वाटण तापत नाही आणि पुढचा गाळण्याचा टप्पा लागत नाही.

सावधान : या भांड्यात दही घालून एकत्र फिरवू नये. वेळ वाचतो हे खरे, पण पात्याच्या वेगाने दह्यातले लोणी सुटून वर गोळ्या येतात आणि खालचे ताक पाणचट होते.

तपासणी : वाटणाचा थेंब अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळावा. रेती लागल्यासारखे वाटले तर आणखी वाटावे.

## टप्पा ६ : गाळावे की गाळू नये

भातावर घ्यायची असेल तर गाळू नये. वाटणाचा थोडा जडपणा भाताला धरून राहतो. पिण्यासाठी असेल, तर बारीक गाळणीतून किंवा ओल्या सुती फडक्यातून गाळावी. उरलेल्या चोथ्यावर अर्धी वाटी पाणी घालून तो पुन्हा दाबून पिळावा, कारण पहिल्या पिळणीत पानाचा बराच अंश मागे राहतो. हे पाणी एकूण दोन वाट्यांतलेच धरावे. कढीपत्त्याची तंबुळी मात्र कशासाठीही असली तरी गाळावीच लागते. त्याच्या शिरा वाटल्या जात नाहीत.

## टप्पा ७ : ताकात कालवणे

दही मोठ्या पातेल्यात घेऊन रवीने गुठळी मोडेपर्यंत घुसळावे. मग एक वाटी पाणी घालून पुन्हा चार हात रवी फिरवावी. आता वाटण ताकात घालावे, ताक वाटणात ओतू नये. घट्ट वाटणावर पातळ ताक ओतले की तळाशी गोळा चिकटून राहतो आणि तो मोडताना जास्त घुसळावे लागते. वाटण पळीपळीने घालत एका हाताने ढवळत राहिले, तर ते सहज एकजीव होते. मिक्सरचे भांडे उरलेल्या पाण्याने विसळून तेही यात घालावे.

दाटपणा ताकापेक्षा जास्त, कढीपेक्षा कमी हवा. पळीच्या पाठीवर ओतल्यावर पातळ हिरवट थर राहावा आणि त्यावरून बोट फिरवले की रेघ क्षणभर दिसून मिटावी. रेघ तशीच राहिली तर पाणी कमी आहे. पाणी वाढवताना एका वेळी दोन-तीन चमचेच वाढवावे, कारण पातळ झालेली तंबुळी पुन्हा दाट करण्याचा चांगला उपाय नाही.

मीठ या टप्प्यात पाऊण चमचा घालावे आणि तिथेच थांबावे. थंड पदार्थाचा वास कमी जाणवतो आणि चवही फिकी लागते, त्यामुळे आत्ता बरोबर वाटणारे मीठ जेवताना कमी वाटेल. शेवटचे मीठ थंड झाल्यावरच ठरवायचे आहे. पानाचा कडवटपणा जास्त वाटत असेल, तर हरभऱ्याच्या दाण्याएवढा गूळ विरघळवून घालतात. गोड चव कळू लागेल इतका गूळ घातला तर तंबुळीचा ताल बिघडतो.

रंगाविषयी : तंबुळी फिकट, करड्या झाकेची हिरवी असते. परतण्याची उष्णता आणि ताकातले आम्ल यांमुळे पानाचे हरितद्रव्य शेवाळी होते. हिरवीगार तंबुळी दिसावी म्हणून कोथिंबीर किंवा कच्चा पालक वाटून घालणाऱ्यांना रंग मिळतो, पण ज्या पानासाठी खटाटोप केला, त्याची चव जाते.

## टप्पा ८ : थंड करणे आणि फोडणी

मूळ घरांत तंबुळी थंड असते ती ओट्याच्या सावलीची आणि माठाच्या पाण्याची थंड. दात शिवशिवतील इतकी गार तंबुळी पानाची चव सांगत नाही. कालवून झाल्यावर पातेले पाण्याच्या परातीत अर्धा तास ठेवले तरी भागते. शहरातल्या उन्हाळ्यात फ्रिज वापरायचा असेल, तर अर्धा ते पाऊण तास पुरे. वाढण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी बाहेर काढून एकदा ढवळावे आणि आता मीठ चाखून नक्की करावे.

फोडणी त्यानंतर. कढल्यात तूप तापवून मोहरी घालावी, ती पूर्ण तडतडल्यावर मिरचीचे तुकडे, आणि गॅस बंद करून कढीपत्ता. मोहरी अर्धवट तडतडली तर कडू लागते आणि एवढ्या सौम्य कालवणात ते लपत नाही. कढले अर्धा मिनिट बाजूला ठेवून मग फोडणी वरून पसरावी. चमचाभर तुपाने एवढे पातेले तापत नाही, त्यामुळे ओतताना थोडा चर्र आवाज झाला तरी ताक फाटण्याची भीती नाही.

तुपाची आणि खोबरेल तेलाची फोडणी फ्रिजमधून नुकत्याच काढलेल्या तंबुळीवर घातली, तर ती लगेच गोठते आणि घासात मेणासारखी लागते. तंबुळी गारच प्यायची असेल, तर फोडणी शेंगदाण्याच्या किंवा तिळाच्या तेलाची करावी, किंवा सरळ वगळावी. पिण्याच्या तंबुळीला फोडणी नसली तरी काही उणे वाटत नाही, असे माझे मत आहे. हिंगाचा उपयोगही जपून करावा. चिमूटभर हिंग पानओव्यावर सहज मात करतो.

## पान बदलले तर काय बदलते

कारिवणा : बोटभर कोवळ्या देठांसह मूठभर पाने घ्यावीत. अनेक घरांत ती कच्चीच वाटतात आणि त्याने चव जास्त ताजी येते. पान घरच्या कुंडीतले आणि नीट धुतलेले असेल तरच तसे करावे, एरवी मिनिटभर तुपावर परतावे. बाकी प्रमाण तेच.

मेथीदाणे : पान मिळत नसलेल्या दिवशी ही तंबुळी हमखास होते, आणि हीच सर्वांत जास्त वेळा बिघडते. चार जणांना अर्धा चमचा मेथीदाणे पुरतात. ते तुपात अगदी मंद आचेवर परतावेत. पिवळे दाणे आधी सोनेरी होतात, मग तांबूस होऊ लागतात. तांबूसपणा दिसू लागताच ताटलीत काढावेत, कारण आतल्या उष्णतेने ते आणखी एक छटा पुढे जातात. गडद तपकिरी झालेल्या दाण्यांची कडू चव खोबऱ्याने, गुळाने, कशानेच उतरत नाही. ते टाकून नव्याने परतणे हाच उपाय. दुसरीकडे, कच्चे राहिलेले दाणे वाटल्यावर बुळबुळीत होतात. मिरीऐवजी एक सुकी मिरची याच तुपात परतून घ्यावी आणि खोबरे पाऊण वाटी घ्यावे.

जिरे-मिरी : दोन चमचे जिरे आणि मिरी, बस्स. शिकताना हिच्यापासून सुरुवात केली, तर परतणे, निववणे, वाटणे आणि कालवणे हा क्रम हातात बसतो आणि पानाच्या अडचणी वेगळ्या राहतात.

आले : इंचभर आले किसून, खोबरे आणि हिरव्या मिरचीबरोबर कच्चेच वाटतात. ही तंबुळी कालवल्याबरोबर वाढावी. कच्चे आले दह्याच्या प्रथिनांवर काम करत राहते आणि काही तासांत कडवटपणा येतो.

डाळिंबाची साल : वाळवलेल्या सालीचा इंचभराचा एकच तुकडा तुपात परतून घ्यावा. ती अतिशय तुरट असते. पोट बिघडल्यावर ही तंबुळी देण्याची घरगुती पद्धत आहे, तरी ते जेवण आहे, औषध नव्हे.

मायाळू आणि पालक यांना स्वतःचा झणका नसतो. त्यांची तंबुळी करताना जिरे-मिरी दीडपट घ्यावी लागते. पालक परतल्यावर पाणी सोडतो, ते आटेपर्यंत थांबावे.

## बिघडल्यावर काय करता येते

फाटलेल्या ताकाची तंबुळी परत होत नाही. अशा वेळी त्यात चमचाभर बेसन कालवून मंद आचेवर सतत ढवळत शिजवावी. ती तंबुळी राहणार नाही, पण भातावर घेण्याजोगी कढी होईल.

पानाचा वास उग्र आला असेल, तर आणखी खोबरे घालण्यापेक्षा दही वाढवावे. अर्धी वाटी दही घुसळून घातले आणि अर्धा तास थांबले की वास बराच बसतो. खोबरे जास्त झाले असेल, तर गाळून घेणे हा एकच मार्ग आहे.

चव पांचट लागत असेल, तर लिंबू पिळण्याची घाई करू नये. आधी मीठ पाहावे, बहुतेक वेळा तेच कमी असते. मीठ बरोबर असूनही चव उठत नसेल, तर दही फारच गोड होते असे समजावे; पातेले वीस-पंचवीस मिनिटे फ्रिजबाहेर ठेवले की गारवा उतरतो आणि जी काही चव आहे ती समोर येते. त्यानंतरही कमी वाटले, तर दोन चमचे आंबट ताक घालावे. लिंबाचा वास पानओव्याशी जुळत नाही.

## वाढणे आणि ठेवणे

हव्यकांच्या जेवणात तंबुळी बहुधा सुरुवातीच्या भाताबरोबर येते, तिखट कालवणे नंतर. दक्षिण कन्नडमध्ये तिच्याखाली उकड्या तांदळाचा भात असतो. उकडा भात मोकळा आणि दाणेदार असल्यामुळे पातळ कालवण त्याच्यात नीट मुरते. आपला आंबेमोहोरासारखा मऊ भात असेल, तर तंबुळी जरा दाट ठेवावी. भात वाफाळता नसावा. पानात वाढून पसरला आणि त्याची वाफ बसली की मग तंबुळी ओतावी, नाहीतर इतका वेळ जपलेले ताक ताटात फाटते. शेजारी तळलेली सांडगी मिरची किंवा पापड पुरतो.

ओले खोबरे आणि ताक दोन्ही उन्हाळ्यात लवकर आंबतात, म्हणून कालवलेली तंबुळी ओट्यावर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि फ्रिजमध्ये ठेवली तरी त्याच दिवशी रात्रीपर्यंत संपवावी. डब्यात घालून कार्यालयात न्यायची असेल, तर वाटण वेगळ्या डबीत आणि ताक वेगळ्या बाटलीत न्यावे, जेवताना कालवावे. दही न घातलेले वाटण झाकून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवसापर्यंत चांगले राहते. ते वापरताना अर्धा तास बाहेर ठेवून, गोठलेले खोबरे सैल झाल्यावरच ताकात घालावे, आणि मीठ तेव्हा नव्याने चाखून घालावे.